सम दारावर पडली पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा बारावी झालाय, पेटी बरी वाजवतो, घरी बसून चाली लावतो आणि त्याला सिनेमा-मालिकांचा संगीतकार व्हायचंय. सुधीर फडके आपल्या कोल्हापूरचेच, मग ह्याला गाव सोडावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पंचवीसेक वर्षं ह्या धंद्यात आहे, बहुतेक काळ दुसऱ्यांच्या नावाखाली. अरेंजर, म्हणजे चालीला वाद्यं बसवणारा, आणि पार्श्वसंगीत करणारा म्हणून. जे बघितलंय तेवढंच सांगतो.

आधी बाबूजींचं, म्हणजे फडक्यांचं. जन्म 1919, कोल्हापूर. गाणं वामनराव पाध्ये यांच्याकडं शिकले, तेही इथंच. पण भाकरी इथं मिळाली नाही. 1941 साली एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत लागले आणि सिनेमाचं दार उघडलं ते प्रभातच्या ‘गोकुळ’नं, 1946 साली. गंमत बघा, प्रभात 1929 साली सुरू झाली ती कोल्हापुरात, 1933 साली पुण्याला गेली. म्हणजे कोल्हापूरच्या पोराला कोल्हापूरचीच कंपनी गाठायला पुण्याला जावं लागलं! पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ‘जगाच्या पाठीवर’, हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ वगैरे.

तुमच्या मुलानं मात्र त्यांच्या सिनेमांआधी गीतरामायणाकडं बघावं, आणि भक्तिभाव जरा बाजूला ठेवून बघावं. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर सुरुवात झाली आणि वर्षाहून थोडं जास्तच, दर आठवड्याला नवं गाणं, एकूण 56. गदिमांनी गाणं लिहायचं, ह्यांनी चाल लावायची, वादक जमवायचे, गायकाकडून बसवून घ्यायचं, आणि प्रक्षेपणाचा दिवस काही हलत नाही. आज मालिकेचा संगीतकार ह्याच चरकातून जातो, फक्त आठवड्याच्या जागी रोज आलं. चाल सुचणं ही देणगी असेल, पण ठरल्या दिवशी सुचणं हा धंदा आहे. हे ज्याला मानवत नाही त्यानं मैफिली कराव्यात, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता मालिकेचं काम नेमकं असतं काय? शीर्षकगीत सगळ्यांना दिसतं. अशोक पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्समध्ये हात घासून घेतला होता, म्हणून ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ची शीर्षकगीतं इतकी नेमकी बसली, असं माझं मत. मिनिटभरात घरातली सगळी माणसं कानात बसवायची असतात, तिथं सावकाश रंगत आणायला जागा नसते. पण शीर्षकगीत एकदाच होतं. रोजचं जेवण पार्श्वसंगीतावर. सुरुवातीलाच साठ-सत्तर तुकडे करून ठेवायचे: सासूचा संशय, नायिकेचं एकटेपण, गावातली सकाळ. पुढं महिनोन्‌महिने एडिटर तेच कापून लावतो. स्वतःचंच तेच तेच बासरीचं वाक्य दीडशेव्यांदा ऐकताना कसं वाटतं ते विचारू नका.

महत्त्वाच्या प्रसंगाला मात्र नवीन करावं लागतं, आणि तिथं खरी परीक्षा. एक प्रसंग सांगतो. म्हातारी अंगणात निवडत बसलीय, मुलगा भांडून निघतो आणि दार आपटतो. प्रसंग सुरू झाल्यापासून दार आपटेपर्यंत 7 सेकंद 10 फ्रेम. टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे झाले 7.4 सेकंद. मी 60 च्या लयीत वाजवत होतो, दर सेकंदाला एक मात्रा, आणि दार आठव्या मात्रेनंतर मधेच कुठंतरी आपटायचं. लय 65 केली. केरव्याच्या आठ मात्रांचं आवर्तन 7.38 सेकंदांत पुरं होतं, आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, बरोबर दारावर! अर्ध्या फ्रेमचाही फरक नाही. एवढं जमल्यावर मी हलगी घातली, खूश झालो आणि दिग्दर्शकाला पाठवलं. त्याचा फोन आला, “हलगी काढ. म्हातारीच्या सुपाचा आवाज ऐकू येत नाही.” काढली. शेवटी राहिला फक्त तंबोऱ्यासारखा एक सूर आणि समेवर दार. बरोबर होतं त्याचं.

(हलगीवरून आठवलं. जुलैत आमच्या मंगळवार पेठेतल्या खोलीत रेकॉर्डिंग म्हणजे शिक्षा. ओलीनं कातडं उतरतं, वर्तमानपत्र पेटवून शेकायचं, दोन टेक घ्यायचे, परत शेकायचं. सॅम्पलमधली हलगी पावसाळ्यातही चढलेली असते, म्हणूनच ती खोटी वाटते.)

चित्राला बांधलेलं संगीत आपल्या गावाला नवं नाही. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोरच गायचे आणि साथीदार चौकटीबाहेर लपवलेले असायचे. पुढं भालजी पेंढारकरांच्या सिनेमांना लताबाईंनी आनंदघन नावानं संगीत दिलं. ‘साधी माणसं’मधलं ऐरणीचं गाणं मुलाला आवाज बंद करून एकदा, आणि डोळे मिटून एकदा, असं बघायला-ऐकायला सांगा.

पैशाचं. माझी चूक सांगतो, ती त्यानं करू नये. एका मालिकेचं शीर्षकगीत मी एकरकमी घेतलं आणि इंग्रजी करारावर न वाचता सही केली. मालिका तीन वर्षं चालली, गाणं लग्नाच्या वरातीत वाजलं, मला परत एक रुपया नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्र बदललंय. सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा आहे, आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. पण नुसता कायदा असून भागत नाही. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासद व्हायचं आणि प्रत्येक कामाची नोंद करायची. हे कंटाळवाणं काम पोरं टाळतात.

आता गाव सोडायचं का? पार्श्वसंगीत घरात बसून होतं. मी रात्री अकराला एपिसोड उतरवून घेतो आणि पहाटे तुकडे पाठवतो. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, ‘तुझ्यात जीव रंगला’सारखी मालिका इकडंच चित्रित झाली, तेव्हा माणसं भेटतात. पण पहिलं काम ओळखीवर मिळतं आणि ओळखी मुंबईत स्टुडिओच्या बाहेर चहा पिताना होतात. माझ्या मते त्यानं दोन वर्षं इथं राहून गाणं आणि तबल्याचे ठेके पक्के करावेत, रोज एखाद्या प्रसंगाचा आवाज बंद करून त्यावर स्वतःचं संगीत लावावं. मग तीन-चार वर्षं मुंबईत कुणाचा तरी सहायक व्हावं. परत यायचं का ते तेव्हा त्याचं तोच ठरवेल.

त्यानं असे पाच प्रसंग केले की मला इथंच निरोप पाठवा, मी बसून ऐकेन. फक्त पेटीवर केले तरी चालतील, की-बोर्ड लगेच घेऊन देऊ नका.