शेणखतातली पांढरी अळी आणि नारळाच्या कातरलेल्या झावळ्या

प्रश्न (कोकणातील बागायतदार): गायरीतलं शेणखत उपसताना अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. ही हुमणी का? खत माडांना घालावं का? नव्या झावळ्याही कात्रीनं कापल्यासारख्या निघतात.

उत्तर: एवढी जाड अळी बहुधा गेंड्या भुंग्याची. वाढलेली हुमणी जिवंत मुळांवर जगते. गेंड्याची अळी कुजकं शेण, पाचोळा, सडलेलं माडाचं खोड यांवर तीन-चार महिने पोसते, मुळांना तोंड लावत नाही. तरी एक अळी फरशीवर ठेवून पाहा. उताणी होऊन पाठीवर सरपटली, तर ती फुलभुंग्याची. ती खत कुजवते, तिला मारू नका.

झावळ्यांचं दुखणंही याच गायरीतलं. या अळीचा भुंगा झाला की तो रात्री शेंड्यात शिरून न उमललेली सुई (घडीतली कोवळी झावळी) पोखरतो, रस चोखतो आणि चोथा बाहेर ढकलतो. घडीच्या कागदाला एक काप दिला की उलगडल्यावर दोन्हीकडे सारखी नक्षी दिसते, तसे हे त्रिकोणी काप. काप घडीत असतानाच पडतो आणि झावळी उमलल्यावर दिसतो, म्हणजे आज दिसणारी जखम जुनी आहे. तिच्यावर औषध मारणं फुकट! भोकाशी ओला, ताजा चोथा असेल तरच भुंगा आत असतो. तारेच्या आकडीनं त्याला अलगद ओढा. घाईत आकडी खोल खुपसली तर कोंबच मोडतो, आणि दोन-तीन वर्षांचा माड मग हातचा जातो. जखमेच्या वासावर लाल सोंड्या (माडाचा दुसरा शत्रू भुंगा) येऊन अंडी घालतो. म्हणून भुंगा काढला की त्याच दिवशी वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. हे वर्षातून तीनदा करावं.

खत खुशाल वापरा, पण आधी उन्हात पसरून अळ्या वेचा. कोंबड्या सोडल्यात तर निम्मं काम त्याच करतील. उरलेला ढीग महिन्याला वरखाली करा आणि संध्याकाळी त्यावर मेटारायझियम या अळ्यांना रोग लावणाऱ्या बुरशीचं द्रावण शिंपडा. ढीग ओलसर हवा, कोरड्यात बुरशी रुजत नाही. कडक होऊन हिरवी पडलेली अळी उचलून टाकू नका, तिच्यावरूनच रोग पुढच्या अळ्यांना लागतो. बागेतले मेलेले बुंधे मात्र जाळा, नाहीतर गायरी साफ करूनही भुंगे येतच राहतील.

कामगंध सापळा (वासानं भुंगे ओढणारी बादली) दोन हेक्टरला एक पुरे. तो लहान रोपांजवळ लावू नका. वासानं आलेले सगळेच भुंगे बादलीत पडत नाहीत.