लॉनला भोकं पाडा, पण त्यासाठी एफडी मोडू नका

प्रश्न: नाशिकजवळ आमचं लग्नकार्यांसाठीचं लॉन आहे. हिरवळ 10,000 चौरस फूट. सहा वर्षांत स्टेजसमोरचं आणि बुफेच्या रांगेतलं गवत विरळ झालं, पाणी मारलं की तिथेच तुंबतं. एरेशनवाला (मशीनने जमिनीला भोकं पाडून मुळांपर्यंत हवा-पाणी पोचवणारा) चौरस फुटाला 4 रुपये सांगतो. वर्षातून दोनदा केलं तर 80,000 होतात. मशीन 2,40,000 रुपयांना मिळतंय, म्हणजे तीन वर्षांत वसूल. साडेसहा टक्क्यांची एफडी मोडून घेऊन टाकू का?

उत्तर: गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्याला गुणलंत तोच चुकला. 10,000 चौरस फुटांना एरेशन लागतंच असं कोणी सांगितलं? माती दडपली जाते ती जिथे माणसं उभी राहतात आणि टेम्पो वळतात तिथे. तुमच्या वर्णनावरून ही जागा स्टेजसमोरची, बुफेची आणि गेटपासूनच्या वाटेची. सगळी मिळून 3,500 चौरस फूट धरू. पहिल्या वर्षी दोनदा केलंत तर 28,000 रुपये, पुढे वर्षाला एकदा, 14,000. आता एफडीकडे बघा. 2,40,000 वर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 15,600 व्याज मिळतं. कर वजा जाता थोडं कमी होईल, पण दुसऱ्या वर्षापासूनचं बिल जवळजवळ व्याजातच भागतं आणि मुद्दल जागेवर राहतं. मशीन घेतलंत तर पेट्रोल, चालवणारा माणूस आणि मुरमाच्या खड्यांवर झिजणारे दाते हा खर्च वेगळाच. उरलेले अकरा महिने ते शेडमध्ये पडून राहणार.

कराचं गणितही मशीनच्या बाजूने नाही. कंत्राटाचं बिल त्याच वर्षी पूर्ण खर्चात जातं. मशीनची किंमत मात्र एकदम खर्चात जात नाही, वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, आणि त्या आर्थिक वर्षात ते 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्याच्या निम्मा. अनुमानित कर योजनेत (प्रत्यक्ष खर्च न बघता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरतात ती) असाल तर दोन्ही खर्चांनी करात काहीच फरक पडत नाही.

पण 14,000 सुद्धा देण्याआधी दोन तपासण्या करा, दोन्ही फुकट आहेत. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सहा इंची स्क्रू-ड्रायव्हर हाताने जमिनीत खुपसा. कडेच्या चांगल्या गवतात तो सहज जातो आणि स्टेजसमोर दोन इंचांवर अडतो, असं झालं तर माती दडपलेली आहे, एरेशनचा फायदा होईल. मग एका विरळ जागी फूटभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. लाल मातीचा थर चार-सहा इंच असेल तर ठीक. दोन इंचांखाली थेट रोलरने दाबलेला मुरूम लागला तर दुखणं वेगळं आहे. एरेटरचं भोक साधारण तीन इंच जातं, ते मुरूम फोडून पाण्याला वाट करून देणार नाही. तिथे तेवढाच पट्टा उकरून माती भरणं आणि निचरा काढणं यावर पैसे घाला. आणि मांडवाखाली दोन दिवस कार्पेट अंथरून ठेवल्यामुळे गवत पिवळं पडत असेल, तर त्याला एरेशन हे औषध नाही.

आता कंत्राट. ‘चौरस फुटाला 4 रुपये’ हे अर्धंच वाक्य आहे. दाते पोकळ आहेत का, मातीची नळकांडी बाहेर पडतात का, हे विचारा. नुसते टोकदार खिळे माती बाजूला रेटतात आणि भोकाच्या कडा उलट आणखी घट्ट होतात. खिळ्यांचे बूट घालून फिरण्याचीही तीच गत. दुसरं, भोकं मोजा. काठ्यांची फूटभर चौकट करून गवतावर ठेवायची, आत निदान वीस भोकं दिसली पाहिजेत. मशीन एकदा फिरवून तेवढी सहसा होत नाहीत, आडवं-उभं दोन-तीनदा फिरवावं लागतं. एक फेरी मारून बिल हातात देणारे कमी नाहीत, म्हणून चौकटीची अट आधीच लिहून घ्या.

भोकं पाडल्यावर त्यांत वरून भरायच्या वाळू-खताच्या मिश्रणाचा खर्च दरात आहे का, हेही ठरवा. पाव इंच थराला 3,500 चौरस फुटांसाठी सुमारे 73 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) माल लागतो. दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग चाळलेलं कुजलेलं खत. न धुतलेल्या क्रश सँडमधली (दगड भरडून केलेल्या वाळूतली) भुकटी त्याच भोकांत बसते आणि केलेलं काम वाया जातं.

वेळेच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात तारखा तशाही कमी, आणि गवताच्या वाढीचा जोरही तेव्हाच. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की उरकून घ्या. चिखलात केलं तर भोकांच्या कडा लिंपल्या जातात, कोरड्या ठणठणीत जमिनीत दाते शिरतच नाहीत. नंतर तीन-चार आठवडे त्या भागावर मांडव नको. हिवाळ्यात मात्र हात लावू नका, गवत भरून यायला फार वेळ घेतं आणि मोकळ्या भोकांत तण आधी उगवतं. त्यातही लव्हाळा असेल तर आधी तो काढा, नाहीतर उपटलेल्या मातीबरोबर त्याचे गड्डे लॉनभर पसरतील. एवढा एक तोटा खरोखर महाग पडतो.

आणखी एक, आणि हे विसरू नका: स्प्रिंकलरचे पाइप आणि लाइटच्या केबली कुठून गेल्यात तिथे आदल्या दिवशी चुना टाका, कामाच्या दिवशी वीज बंद ठेवा. केबल तुटली तर वर्षाची बचत त्यातच गेली, आणि माणसाच्या जिवाचा धोका वेगळाच.

एफडी मोडायचीच असेल तर मशीनपेक्षा बुफेच्या रांगेखाली पेव्हरचा पट्टा टाकून घ्या. माती सगळ्यात जास्त तिथेच दडपते, आणि त्या जागेला पुन्हा भोकं पाडायची वेळच येणार नाही. केटररचा टेम्पो आणि जनरेटरची गाडी ओल्या गवतावर येऊ द्यायची नाही, ही अट बुकिंगच्या कागदावर घाला. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.