डेट्रॉइटला येताय, घर शोधताय, त्याआधी हे वाच

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. नवऱ्याची चाकणहून डेट्रॉइटजवळच्या नोव्हीला बदली, मार्चमध्ये निघायचंय, मुलगी सहा वर्षांची. घर कुठे घ्यायचं, शाळा कुठली, डेट्रॉइट खरंच एवढं डेंजर आहे का, गोरे लोक त्रास देतात का, आणि शेवटी "तिकडच्या एका मित्राने सांगितलंय की काळ्यांचा एरिया तेवढा टाळा, बाकी सगळं ठीक आहे, हे खरं का ताई?"

व्हिसा-बँकेचं आधी उरकते, ते तुला कोणीही सांगेल. नवरा एल-१ वर (कंपनीने बदली केलेल्यांचा व्हिसा) म्हणजे तू एल-२ वर (त्यांच्या जोडीदाराचा), आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वर आलेल्या बायको-नवऱ्याला वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही, तेव्हा नोकरी सोडताना अनुभवाची पत्रं नीट घेऊन ठेव. क्रेडिट हिस्टरी शून्य असणार त्यामुळे अपार्टमेंटवाले डिपॉझिट जास्त मागू शकतात, आणि मिशिगनमधला गाडीचा इन्शुरन्स बघून डोळे पांढरे होतील, त्याची तयारी ठेव. झालं.

आता तो शेवटचा प्रश्न. मी २००४ ला आले तेव्हा मलाही पहिल्याच आठवड्यात हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी ते जसंच्या तसं उचललं, पुढे कितीतरी वर्षं त्याप्रमाणेच वागले. म्हणून तुला सविस्तर लिहितेय.

आम्ही घर बघायला लागलो तेव्हा एजंट गोरा होता, वयस्कर माणूस. मी त्याला सरळ विचारलं, एरिया कसा आहे, लोक कसे आहेत? तो म्हणाला ते मी सांगू शकत नाही, कायद्याने बंदी आहे, तुम्ही स्वतः फिरून बघा. मला वाटलं टाळतोय. नंतर कळलं की १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा आहे, त्याप्रमाणे गिऱ्हाइकाचा किंवा वस्तीचा वंश बघून कोणाला इकडे न्यायचं, तिकडून लांब ठेवायचं, हे एजंटला करता येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला हत्या झाली आणि आठवड्याभरात ११ एप्रिलला या कायद्यावर सही झाली. तर तो एजंट गप्प राहिला. बोललं कोण? आपली माणसं. पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, हातात मसालेभाताची प्लेट घेऊन, तीन वेगवेगळ्या लोकांनी मला सांगितलं, एट माईलच्या खाली जायचं नाही.

एट माईल हा रस्ता आहे. वर ओकलंड काउंटीची उपनगरं, खाली डेट्रॉइट शहर. मी एट माईलच्या खाली, म्हणजे एअरपोर्ट आणि गाड्यांचा शो सोडून, पहिल्यांदा गेले ते थेट २०१३ मध्ये, ऑफिसातल्या एका ब्लॅक सहकाऱ्याबरोबर. त्याने मला एक भिंत दाखवली. बर्वुड आणि मेंडोटा या दोन गल्ल्यांच्या मधून, घरांच्या परसामागून जाते, सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब. मैदानाच्या बाजूला तिच्यावर लोकांनी रंगीत चित्रं काढलीत, पण पुढे गेलं की नुसतं करडं सिमेंट, आणि एका परसात टोमॅटोची रोपं तिला टेकवून बांधलेली. पुण्यात कुठल्याही सोसायटीचं कंपाउंड असावं तेवढीच ती, आपण मान वळवून बघणार नाही.

ती १९४१ साली बांधली. एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी ब्लॅक लोकांची वस्ती आहे म्हणून सरकारच्या गृहकर्जाच्या खात्याने कर्जाची हमी द्यायला नकार दिला. मग त्याने मध्ये ही भिंत घातली आणि कर्ज मंजूर झालं. अलीकडच्याला स्वस्त कर्ज, पलीकडच्याला नाही, मधे एक फुटाचं सिमेंट. माझा सहकारी म्हणाला त्याची आजी पलीकडची. एवढंच म्हणाला, आणि आम्ही गाडीत बसलो.

मग मी वाचायला लागले. खरेदीखतातच लिहिलेलं असायचं की हे घर गोऱ्याशिवाय कोणाला विकायचं नाही. डेट्रॉइटच्याच मॅकगी नावाच्या कुटुंबाने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असल्या अटी कोर्टातून राबवता येणार नाहीत असा निकाल दिला. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं होती, २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखसुद्धा भरली नाहीत. कारखाने बाहेर गेले, स्वस्त कर्जं घेऊन गोरी कुटुंबं उपनगरात गेली, ज्यांना कर्ज मिळत नव्हतं ते मागे राहिले. १९६७ च्या जुलैत पोलिसांनी एका विनापरवाना बारवर धाड टाकली त्यातून दंगल पेटली, ४३ माणसं गेली, त्यानंतर गोऱ्यांचं जाणं आणखी वाढलं. आणि शाळेचं विचारलंस ना, त्याचंही मूळ इथेच आहे. डेट्रॉइटच्या आणि उपनगरांच्या शाळा एकत्र करून मुलं दोन्हीकडे मिसळावीत अशी योजना खालच्या कोर्टाने मांडली होती, त्यात ५३ उपनगरी शाळा डिस्ट्रिक्ट होते. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली, त्या खटल्याचं नाव मिलिकन विरुद्ध ब्रॅडली. म्हणजे उपनगराच्या हद्दीपलीकडे गेलात की तुमची शाळा तुमची, शहराची शाळा शहराची. आपण नोव्ही-ट्रॉयच्या शाळांचं रेटिंग बघून घर घेतो तेव्हा त्या हद्दीची किंमत मोजत असतो. बससुद्धा तशीच, उपनगरांना सार्वजनिक बसमधून बाहेर राहायची मुभा होती आणि नोव्ही कितीतरी वर्षं बाहेर होतं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ती सोय बंद केली. ज्याच्याकडे गाडी नाही तो नोव्हीत कामाला येणार कसा, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

आता तू म्हणशील याचा आपल्याशी काय संबंध, आपण तर आत्ता आलो. संबंध आहे गं. १९२३ मध्ये, इथे आलेल्या भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, अख्ख्या भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा. १०० माणसं, आपल्या एका सोसायटीत जास्त असतात. हे बदललं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे ब्लॅक लोकांच्या समान हक्कांच्या, लढ्याच्या त्याच दोन वर्षांत आला, १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा, १९६५ चा मतदानाचा कायदा आणि मग हा. ज्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, तुरुंगात गेले, त्यांच्यामुळे या देशाला वंश बघून माणसं निवडणं लाजिरवाणं वाटायला लागलं. आणि आपण आल्या आल्या त्यांचाच एरिया टाळा म्हणतो.

गोरे त्रास देतात का? उघड क्वचित. ऑफिसात नाव नीट न घेणं, मीटिंगमध्ये तुझं बोलणं दुसऱ्याने पुन्हा म्हटल्यावरच ऐकू येणं, हे होईल. पण कधीतरी एकदम अंगावर येतं. १९८२ मध्ये इथे हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या चिनी वंशाच्या २७ वर्षांच्या मुलाला दोन गोऱ्यांनी बेसबॉलच्या बॅटने मारून टाकलं. तेव्हा जपानी गाड्यांमुळे डेट्रॉइटच्या नोकऱ्या जात होत्या, त्याचा राग. मुलगा चिनी वंशाचा, गाड्यांच्याच धंद्यात ड्राफ्ट्समन. मारणाऱ्यांना प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड, तुरुंग नाही. तुझा नवरा गाड्यांच्या धंद्यातच येतोय म्हणून सांगते, त्याला हे नाव माहीत हवं. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये आपल्या एका तेलुगू इंजिनिअरला बारमध्ये गोळ्या घातल्या तेव्हा आमच्या ग्रुपवर मेसेज फिरत होते की बाहेर मराठीत मोठ्याने बोलू नका. तिथे मधे पडून गोळी खाणारा माणूस गोराच होता, तेही विसरू नये.

माझं स्वतःचं सांगते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये बाबा आले होते, तेव्हा ७१ वर्षांचे. सकाळी साडेसहाला फिरायला जायचे, अंधारच असतो, माकडटोपी, मफलर, थंडीने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. चौथ्या दिवशी कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक अनोळखी माणूस घरांत डोकावत फिरतोय. बाबा लोकांच्या अंगणातले भोपळे बघत होते. मी खिडकीतून गाडीचे दिवे बघितले आणि तशीच स्लिपरवर धावले, पण माझ्या आधी दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई पोचल्या होत्या, निवृत्त शिक्षिका, आमच्या गल्लीतलं एकच ब्लॅक घर. त्या लांबूनच बाबांना ओरडून सांगत होत्या, "सर, हात बाहेर काढा, हात बाहेर." बाबांना त्यांचा उच्चार कळेना, म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पंजे उघडून समोर धरले, गाऊनमध्ये, त्या थंडीत, आणि बाबांनी त्यांचं बघून तसंच केलं. मग त्या पोलिसाला म्हणाल्या, हे माझ्या शेजाऱ्यांचे वडील आहेत. पोलीस सॉरी म्हणून गेला.

मला तेव्हा नीट समजलं नव्हतं त्यांनी काय केलं ते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अलाबामात नातवाला सांभाळायला आलेल्या ५७ वर्षांच्या गुजराती आजोबांना पोलिसाने जमिनीवर आपटलं होतं, मानेला मार लागून अंग लुळं पडलं. तिथेही फोन असाच आला होता, एक बारीक ब्लॅक माणूस फिरतोय म्हणून. भारतीय असण्याने ते वाचले नाहीत, लांबून ते फक्त सावळे होते. बाईंनी मला नंतर सांगितलं की त्यांनी त्यांच्या मुलाला बारा वर्षांचा असताना बसवून हात कुठे ठेवायचे हे शिकवलं होतं, इथे घराघरात शिकवतात. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, त्या कोण गं? मला त्यांचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. तीन वर्षं शेजारी, आणि दर संक्रांतीला मी तिळगूळ गाडीने चाळीस मैल लांब नेत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

आणखी एक, हे मराठी माणूस म्हणून. आपण इथे येताना आपल्या भिंती बरोबर घेऊन येतो. मंडळात एक मराठवाड्यातला मुलगा यायचा, हुशार, गणपतीत मखराचं सगळं काम त्याने केलं. त्याला दर वेळी कोणीतरी विचारायचं, आडनाव काय म्हणालास, गाव कुठलं, पाहुणे कुठले तुमचे. विचारणाऱ्याला काय हवं असतं ते तुला पुण्यात राहून माहीत आहे. तो यायचा बंद झाला. खूप नंतर मला म्हणाला की ताई, आत यायच्या आधी मी गाडीत दहा मिनिटं बसून राहायचो, आज कोण विचारेल म्हणून. सिएटलने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, कॅलिफोर्नियात तसं विधेयक विधिमंडळात पास झालं पण गव्हर्नरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हेटो केला. आपल्या लोकांतले कितीतरी जण विरोधात होते, म्हणाले इथे जात नाहीच. ज्याला गाडीत बसून राहावं लागत नाही त्याला ती दिसत नाही. आणि तू तर पुण्याची. १८७३ मध्ये जोतीरावांनी गुलामगिरी लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं होतं ज्यांनी ब्लॅक गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्याच गावच्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी हे दोन प्रश्न एकच दिसले होते.

तर घराचं. पहिलं वर्ष भाड्याने राहा, लगेच विकत घेऊ नका. नोव्ही ऑफिसला जवळ आहे, मीही इथेच राहते, त्यामुळे तुला नको म्हणणार नाही. पण फार्मिंग्टन हिल्स बघ, तिथे सगळ्या प्रकारचे लोक आहेत. साउथफील्डही बघ, तिथे बहुसंख्य ब्लॅक कुटुंबं आहेत आणि घरं मोठी, झाडं जुनी. शाळेचं रेटिंग बघ, पण शाळेत स्वतः जाऊन वर्गात बसून ये. गुन्हे डेट्रॉइटमध्ये आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही, गाडीत बॅग ठेवू नका, रात्री अनोळखी ठिकाणी भटकू नका, पुण्या-मुंबईत पाळतेस तेवढंच. घरात मुलीसमोर "काळे" म्हणू नका, ती शाळेत जाऊन तेच म्हणेल. सासरे-वडील आले की त्यांना सांग "निग्रो" म्हणायचं नाही, त्यांना तो पुस्तकातला शब्द वाटतो. आणि सकाळी फिरायला जाताना हातमोजे द्या, खिशात हात नकोत.

आल्यावर पहिल्याच शनिवारी मी तुम्हाला ईस्टर्न मार्केटला घेऊन जाईन, भाजी तिथे चांगली मिळते, तिथून ब्लॅक लोकांच्या इतिहासाचं चार्ल्स राइट म्युझियम जवळ आहे, मुलीलाही आवडेल. शेजारच्या त्या शिक्षिका बाईंना तुझ्याबद्दल सांगितलंय, त्या म्हणाल्या मुलीला वाचायला घेऊन ये. मार्चमध्ये बर्फ असू शकतो, तिचे बूट पुण्यातून आणू नका, इथेच घेऊ.