घरीच शिकवायचं, पण कुठल्या पद्धतीने?

प्रश्न : मुलगी 8 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. दोघांना घरीच शिकवते आहे. शाळेसारखं वेळापत्रक लावलं, ते दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. कुणी मॉन्टेसरी (साधनं हाताळत शिकणं) सुचवतं, कुणी शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत, तर कुणी म्हणतं मोकळं सोडा. काय निवडू?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी काहीही विकत घेऊ नका. पंधरा दिवस एका वहीत एवढंच टिपा : मुलं कुठल्या वेळी मन लावून बसतात, कशावरून भांडण होतं, न सांगता काय करत बसतात आणि तुम्हाला स्वतःला सलग मोकळा वेळ कधी मिळतो. पद्धत त्या वहीतूनच ठरते.

वेळापत्रक मोडण्याचं कारण सरळ आहे. तासिका एका शिक्षकाला चाळीस मुलं सांभाळता यावीत म्हणून असतात. घरी पाहुणे आले, सिलिंडर आला, धाकटा रडला की एक तासिका बुडते. ती दुपारी भरून काढायला गेलं की पुढच्या दोन बुडतात आणि संध्याकाळी ओरडाआरडा होतो. म्हणून घड्याळ नको, क्रम ठरवा : न्याहारीनंतर गणित, मग वाचन, मग लेखन. बुडालं ते बुडालं, उद्यावर ढकलू नका. आठ वर्षांच्या मुलीला बसून करायचा अभ्यास दीड-दोन तास पुरतो, तोही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे सगळं सकाळी सात ते नऊमध्ये उरका.

मॉन्टेसरीची साधनं तुमच्या धाकट्याच्या वयाला साजेशी आहेत. महागडा संच नसला तरी चालेल. तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, ज्वारी आणि हरभरा निवडून वेगळे करणं, बटणं लावणं, दहा-दहा चिंचोक्यांचे ढीग करणं. एका वेळी एकच काम मांडा आणि ते आवरून ठेवल्यावरच दुसरं द्या. चार ट्रे एकदम मांडले की पसारा होतो, काम होत नाही.

मुलीसाठी शार्लट मेसन यांची एक गोष्ट उचला. उतारा एकदाच वाचून दाखवायचा आणि तिने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. सांगताना मध्ये चूक काढली की मूल पुढच्या वेळी दोनच वाक्यांत गुंडाळतं, तेव्हा दुरुस्ती शेवटी, तीही एकच. परिसर दोघांना एकत्र शिकवा. हिवाळ्यात हिप्परगा तलावावरचे पक्षी पाहून मोठीने नोंद लिहावी, धाकट्याने चित्र काढावं. भाषा आणि गणित मात्र वेगवेगळं बसून.

मोकळं सोडणं सोपं वाटतं, पण त्यात पालकाचा वेळ सर्वांत जास्त जातो. प्रत्येक ‘का?’ला त्याच वेळी सोबत बसावं लागतं. शिवाय स्थानिक किंमत आणि पाढे आपोआप येत नाहीत. मंडईत 80 रुपये किलोची गवार 650 ग्रॅम घेतली तर किती द्यायचे, हा हिशेब मुलीकडून करून घ्या. 52 रुपये हे उत्तर तिने कसं काढलं ते विचारा, उत्तरापेक्षा ते महत्त्वाचं.

निवडलेलं सहा आठवडे बदलू नका. दर महिन्याला नवी पद्धत आणणं हीच मला सर्वांत नुकसानीची सवय वाटते. मूल नव्या शिस्तीला रुळतं न रुळतं तोच ती बदललेली असते.

प्रश्न : घरी तेलुगू बोलतो. हे यंत्रमागावर जातात, मी शिलाई करते. मुलगा 11 वर्षांचा, मराठी वाचन कच्चं आहे. शाळेतून काढून घरी शिकवू का?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : एक मोठं माणूस रोज दोन तास निवांत बसू शकत नसेल, तर काढू नका. शाळा चालू ठेवून संध्याकाळी चाळीस मिनिटं द्या. त्याने दिवसातली एखादी गोष्ट आधी तेलुगूत सांगावी, मग मराठीत. त्याचीच सहा-सात मराठी वाक्यं तुम्ही वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी तो तीच वाचेल. अर्थ आधीच माहीत असल्याने त्याचं सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. आठवड्याला दहाच जोडाक्षरं घ्या, तीही त्याच्या वाक्यांत आलेली. तेलुगू बंद करू नका. त्या भाषेत गोष्ट नीट सांगता येणाऱ्या मुलाला मराठीत ती मांडणं सोपं जातं.

प्रश्न : घरी शिकणं कायद्यात बसतं का? दहावीचं काय?
– एक वडील, मंगळवेढा

उत्तर : 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे (कलम 10), पण त्यासाठी पालकांना दंडाची तरतूद नाही. गृहशिक्षणाची वेगळी नोंदणीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कुणी आलं तर दाखवायला तारखा घातलेल्या वह्या जपा.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत 14 वर्षं पूर्ण झाल्यावर नाव घालता येतं. मराठी माध्यम आहे. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के लागतात आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकांसाठी अभ्यासकेंद्र गाठावं लागतं, तेव्हा विषय निवडण्याआधी केंद्र किती लांब आहे ते पाहा. दुसरा मार्ग राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज. मूल आधी शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच घेऊन ठेवा. चार-पाच वर्षांनी तो मिळवताना हेलपाटे पडतात आणि फॉर्मची मुदत निघून जाते.