भंगारातली टूलरूम : तुमचे प्रश्न, लेथवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, घरामागच्या शेडमध्ये साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं मशीन) घेतलाय. रॉड वाईसमध्ये धरून हाताने डाय (बाहेरून आटे कापणारी चकती) फिरवतो आणि एम ८ चे, म्हणजे ८ मिमी व्यासाचे, आटे पाडतो, पण नट चढवला की डोलतो. दोन डाय बदलून झाल्या. आटे लेथवर कापायचे तर दरवेळी गिअर बदलत बसावं लागतं. काही जुगाड आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डायला शिव्या देऊ नका हो, दोष हँडलचा आहे. दोन हातांचा दाब कधीच सारखा पडत नाही, आणि पहिले दोन आटे तिरके बसले की पुढचे सगळे त्यांच्या मागोमाग जातात. टेलस्टॉकचा (चकसमोरचं लेथचं सरकतं टोक) डायहोल्डर बनवा, एका रविवारचं काम आहे. १२ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत गोल दांडा) टेलस्टॉकच्या ड्रिलचकमध्ये धरायचा, त्याच्यावर मागेपुढे सरकेल अशी एक जाड बुश (पोकळ नळकांडं), आणि बुशच्या तोंडाला डाय बसेल एवढा खिसा. बार सरळ रेषेत धरतो आणि बुश आट्यांच्या ओढीने स्वतःच पुढे सरकते, त्यामुळे डाय तिरकी व्हायला जागाच राहत नाही. मेट्रिक एम ८ ची डाय २५ मिमी व्यासाची आणि ९ मिमी जाड येते, पण आपल्याकडे दुकानात इंची मापाच्या पण सर्रास मिळतात म्हणून आधी डाय हातात घ्या, व्हर्नियर लावा आणि मगच खिसा बोअर करा. मी एकदा पुस्तकातल्या मापावर बोअर केला आणि मग खिशात शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) कोंबत बसलो, ती बुश अजून तशीच आहे.

बाजूने तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) द्या, एक डायच्या चिरेवर आणि दोन आजूबाजूला, म्हणजे डाय थोडी उघडता-मिटता येते. बुशला आडवा एम ८ टॅप मारून एक दांडा लावा. जॉबच्या, म्हणजे आटे पाडायच्या रॉडच्या, टोकाला ४५ अंशाचा चॅम्फर (उतरती कड) आणि व्यास ८ च्या ऐवजी ७.९ ठेवा, डायला निम्मा त्रास कमी. मोटर बंद ठेवून चक हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताने दांडा धरा, अर्धा फेरा पुढे गेला की थोडं मागे. कटिंग ऑइल संपलं असेल तर स्टीलला गोडंतेल पण चालतं, फक्त लगेच पुसा, आठवड्याने डिंकासारखं चिकट होतं. ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळेला काहीच नको.

प्रश्न : फ्लँजला (जोडणीच्या गोल चकतीला) गोलावर १२ भोकं सारख्या अंतरावर पाडायची आहेत, आणि नंतर क्रॉसस्लाइडसाठी (टूल आडवं सरकवणारा भाग) ५० रेघांचा डायल करायचाय. डिव्हायडिंग हेडचा (गोलाचे सारखे भाग पाडायचं यंत्र) भाव ऐकून परत आलो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बरं झालं परत आलात. भंगारवाल्याकडे सायकलचं पुढचं चेनव्हील बघा, पण उचलायच्या आधी दात मोजा. ४८ दातांचं मिळालं तर सोनं, दर चौथ्या दाताला थांबलात की १२ भोकं, सहाव्याला ८, तिसऱ्याला १६. ४४ चं घेतलंत तर २, ४, ११ आणि २२ सोडून फारसं काही हाती लागत नाही.

हे चेनव्हील लेथच्या स्पिंडलला (चक फिरवणारा पोकळ दांडा) मागच्या बाजूने लावायचं. आता ते धरायचं कसं, तर त्याच सायकलच्या हँडलचा दांडा बघा, आत लांब बोल्ट आणि खाली कोन असतो, बोल्ट आवळला की दांडा आतून फुगतो आणि घट्ट बसतो. तसाच चिरा पाडलेला प्लग स्पिंडलच्या भोकाच्या मापाचा टर्न करा, चेनव्हील त्याच्यावर. अडकवायला टोकदार पिन नको, जुन्या चेनचे दोन-तीन दुवे एका पट्टीला रिव्हेट करा आणि पट्टी स्प्रिंगने दातांवर दाबा. दुवे एकाच वेळी दोन-तीन दात पकडतात त्यामुळे एखादा झिजलेला दात तेवढा त्रास देत नाही.

लोक विचारतात की सायकलच्या दातांना कसली आलीय अचूकता. चेनचा पिच, म्हणजे दोन दुव्यांमधलं अंतर, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्या हिशोबाने ४८ दातांचा पिच व्यास साधारण १९४ मिमी येतो. तिथे ०.२ मिमीची चूक झाली तरी ४० मिमी व्यासाच्या वर्तुळावर ती ०.०४ च्या आसपास उरते. चाक जॉबपेक्षा मोठं असलं की चूक आपोआप लहान होते. आता हेच उलटं करून बघा, छोट्या गिअरवरून मोठा फ्लँज इंडेक्स केलात, म्हणजे सारख्या भागांत फिरवलात, तर चूक फुगणार, हे फार जण विसरतात.

५० रेघांना चेनव्हील उपयोगाचं नाही. तुटलेल्या स्टीलच्या मेजर टेपमधून बरोबर ५०० मिमी कापा, एमडीएफची चकती सुमारे १५९ मिमीला आणा आणि पुढे केसभर केसभर टर्न करत टेप गुंडाळून बघत राहा, शून्य आणि ५०० ची टोकं भिडली की चिकटवा. चकती चेनव्हीलच्या जागी लावा, टेप दर १० मिमी पुढे सरकली की डायलवर एक रेघ. रेघ मारायला टूल आडवं पाडा आणि कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) हाताने ओढा, मोटर लागतच नाही. उलट इंडेक्सिंग चालू असताना मशीनचा प्लग भिंतीतून काढूनच ठेवा. पट्टी अडकलेली विसरून मी बटण दाबलंय, पट्टी वाकली, बेल्टचा वास पूर्ण शेडमध्ये आणि शेजारी विचारायला आले.

प्रश्न : बंद पडलेल्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचा स्पॉट वेल्डर बनवू का? व्हिडिओत दहा मिनिटांत होतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका. तत्त्व बरोबर आहे, सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरचं दुसरं वेटोळं) काढून जाड केबलचे दोन वेढे दिले की दोनेक व्होल्ट आणि शेकड्यांनी अँपिअर मिळतात, पत्रा चिकटतोही. पण ओव्हनच्या आतली सेकंडरी २००० व्होल्टच्या वर असते आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो. टीव्ही-रेडिओ उघडून शिकलेल्या माणसाला इथे दुसरी संधी मिळेलच असं नाही. घरी काय बनवायचं याचा माझा हिशोब सोपा आहे, चुकलं तर जॉब वाया जाणार असेल तर खुशाल बनवा, चुकलं तर माणूस जाणार असेल तर विकत आणा. अँगल ग्राइंडरला लाकडाचं करवतीचं पातं लावणारे पण याच रांगेत, चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि ते पातं त्या वेगासाठी केलेलंच नसतं.

प्रश्न : काका, मी आयटीआयला टर्नर करतोय. घरच्या लेथवर फेसिंग केलं, म्हणजे जॉबचं तोंड सपाट केलं, की मध्ये बोंड (न कापलेला उंचवटा) राहतं. टूलचं टोक जॉबच्या सेंटरच्या उंचीला कसं आणू, गेज नाहीये.
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : अरे टूल बहुतेक खाली आहे तुझं. सहा इंची स्टीलची पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकेच दाब. पट्टी उभी राहिली तर सेंटर बरोबर, वरचं टोक तुझ्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर टूल वर. पट्टीला खाच पडेल एवढं दाबू नकोस. शिमसाठी पैसे घालवू नको, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, हॅकसॉ ब्लेड ०.६ च्या आसपास. ब्लेडचे दात मात्र आधी ग्राइंडरवर उडव, नाहीतर टूल त्याच्यावर डुगडुगतं आणि मग परत मलाच लिहिशील.