देवांवरच्या विनोदाने भावना दुखावल्याची तक्रार आली, तर प्रयोग रद्द करावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या वसाहतीच्या गणेशोत्सवासाठी तरुणांनी यम, चित्रगुप्त आणि नारद यांच्यावर एक प्रहसन बसवले आहे, तालमी संपत आल्या आहेत, आणि आता चार रहिवाशांनी देवादिकांची थट्टा होत असल्याचा व मागे गणपतीची मूर्ती असताना हे चालणार असल्याचा लेखी अर्ज मंडळाकडे दिला आहे. अशा वेळी प्रयोग रद्द करावा का, मंडळाने माफी मागावी का आणि हा कायद्याने गुन्हा ठरतो का, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला राहते आणि गेली तीसेक वर्षे इथल्या हौशी मराठी रंगभूमीवर आधी प्रॉम्प्टर म्हणून आणि नंतर दिग्दर्शिका म्हणून काम करीत आले आहे. मी वकील नाही. मात्र या प्रश्नाने माझ्याही नाटकांचे दार दोनदा ठोठावले आहे, म्हणून लिहिते.

प्रयोग रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर त्या चौघांचा अर्ज फाईलला लावून विसरूनही जाऊ नये. त्यांना रंगीत तालमीला मानाने बोलवावे, पुढच्या रांगेत बसवावे, पूर्ण नाटक दाखवावे आणि मग विचारावे की नेमके काय पाहून आपल्याला दुखले. ज्याला खरोखर दुखले आहे, तो बोट ठेवून जागा दाखवू शकतो. हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या एका गणेशोत्सवी एकांकिकेत नारदाचे काम करणारा मुलगा फार गुणी होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला हशा मिळत होता. पहिल्या प्रयोगानंतर एक वृद्ध बाई विंगेत आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. विनोदाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती, उलट नारदाने केलेली देवांची फजिती त्यांना आवडली होती. पण एका प्रसंगात नारद कंटाळून वीणा जमिनीवर टाकतो आणि तिला टेकून बसतो, ते त्यांना सहन झाले नव्हते. त्यांच्या घरी वारकरी परंपरा होती, आणि सप्ताहात पहारे लावून वीणा रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात राहते, ती खाली ठेवत नाहीत, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. ती हालचाल मीच बसवली होती आणि बसवताना हे माझ्या मनातही आले नव्हते. दुसऱ्या प्रयोगापासून नारद वीणा गळ्यात ठेवूनच कंटाळू लागला, आणि खरे सांगायचे तर त्या अवघडलेपणामुळे प्रवेश पहिल्यापेक्षा अधिक रंगला. संहितेतला एक शब्दही बदलावा लागला नाही.

दुसऱ्या वेळी असे घडले नाही. एका सभागृहात आमचा प्रयोग ठरला होता आणि दोन दिवस आधी व्यवस्थापकांना कुणाचा तरी फोन गेला. मी त्या गृहस्थांचा क्रमांक मिळवून त्यांच्याशी बोलले. त्यांनी नाटक पाहिले नव्हते, वाचले नव्हते, आणि कोणत्या वाक्यावर आक्षेप आहे असे विचारल्यावर ते 'सगळ्यावरच' एवढेच म्हणाले. व्यवस्थापक घाबरले आणि आम्हीही घाबरलो. भावना दुखावल्याबद्दल दिलगिरीचे एक पत्र मी लिहून दिले, ज्यात कशाबद्दल दिलगिरी आहे हे कुठेच नव्हते. प्रयोग तरीही झाला नाही. त्या पत्राची खंत मला आजही आहे, कारण त्यामुळे पोरांनी दोन महिने खपून उभे केलेले काम मीच गुन्ह्यासारखे करून ठेवले.

या दोन माणसांत मी जो फरक करते आहे, तो आपल्या परंपरेलाही ठाऊक आहे. मराठी प्रेक्षकाला देवाची थट्टा नवी नाही. तमाशात गणामध्ये गणपतीला आवाहन करून झाले की लगेच गवळण येते, आणि तिथे कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात तेव्हा मावशी कृष्णाचा देव म्हणून काहीही मुलाहिजा ठेवत नाही. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर वधापूर्वी यथेच्छ हसवून घेतो, आणि हे सारे बहुधा देवळाच्या आवारात, जत्रेच्या रात्री चालते. जनाबाईने तर विठ्ठलाला सरळ शिव्या घातल्या आहेत आणि त्या आपण भक्तीने गातो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तला कृष्ण १८८२ पासून थोरल्या भावाला बनवतो आहे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकात एका गावच्या मंडळींनी बसवलेल्या द्रौपदीवस्त्रहरणाची जी दाणादाण उडते, ती पाहायला लोक १९८० पासून आले आणि प्रयोगांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली.

तरीही २००८ च्या जूनमध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला, कारण महाभारताचे विडंबन करणारे 'आम्ही पाचपुते' हे नाटक तिथे लागले होते. त्यात माणसे जखमी झाली आणि पुढे न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले. महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे जाते, म्हणजे कागदी परवानगीने असा धोका टळत नाही. ज्या प्रेक्षकाने आदल्या पिढीत पांडवांच्या मालवणी बोलण्यावर पोट धरून हसून घेतले, तोच समाज इथेही होता. म्हणून महाभारतावर विनोद केला की हिंदू मन दुखावतेच, हे सरसकट विधान मला मान्य नाही. अनेकदा ज्याला धर्म म्हटले जाते, ते दुसरेच काही असते. 'घाशीराम कोतवाल'च्या आरंभी गणपती रंगमंचावर नाचत येतो, पण १९७२ मध्ये त्या नाटकाविरुद्ध जे वादळ उठले त्याचा रोख नाना फडणविसांच्या चित्रणावर आणि पुण्याच्या ब्राह्मणांच्या बदनामीवर होता. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेनेच ते थांबवले आणि कलावंतांना नवी संस्था काढून ते पुन्हा उभे करावे लागले.

आता कायद्याबद्दल. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे भारतीय दंडसंहितेचे कलम २९५-अ हे १९२७ साली आले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याच आशयाचे कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही आहे. पण कलमाचा गाभा 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' या शब्दांत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५७ साली रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम वैध ठरवतानाच सांगितले की धर्माचा प्रत्येक अवमान यात येत नाही. अनवधानाने, निष्काळजीपणे किंवा तशा हेतूवाचून झालेला अवमान हा या कलमाखालचा गुन्हा नाही. २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनी यांना विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या एका मुखपृष्ठाच्या प्रकरणातही न्यायालयाने हाच निकष लावून खटला रद्द केला. आणि लोक गोंधळ घालतील या भीतीने सरकारला कलाकृती बंद करता येत नाही, गोंधळ आवरणे हेच सरकारचे काम आहे, असे १९८९ च्या एस. रंगराजन निकालात आहे. त्या निकालात न्यायालयाने म्हटले की धोका दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतका निकटचा असावा लागतो. आपल्या प्रहसनात दुष्ट हेतू कुणी सिद्ध करू शकेल असे आपण दिलेल्या वर्णनावरून मला वाटत नाही.

पण निकालाच्या आधी काय घडते, हे मी आपल्यापासून लपवणार नाही, कारण ते माझ्याच शहरात घडले आहे. १ जानेवारी २०२१ रोजी छप्पन दुकान परिसरातल्या एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदवीराचा कार्यक्रम होता. काही लोकांनी तो मध्येच थांबवला, देवदेवतांवर विनोद केल्याची तक्रार दिली आणि त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना अटक झाली. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. आरोप मोघम आहेत आणि अटकेची विहित प्रक्रिया पाळलेली नाही, या मुद्द्यांवर तो मिळाला. तोवर महिन्याहून अधिक काळ तुरुंगात गेला होता, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरसह इतर शहरांतले त्याचे कार्यक्रमही रद्द होत राहिले. त्याचे विनोद मला व्यक्तिशः आवडतात की नाही, हा इथे प्रश्नच नाही. इंदूरने स्वतःच्या प्रेक्षागारावर विश्वास ठेवला नाही, याचे मला दुःख आहे. हेच शहर सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकांना वेगवेगळ्या प्रेक्षकसमूहांसाठी पाठोपाठ प्रयोग लावूनही तुडुंब गर्दी करते. न आवडलेल्या नाटकाला टाळी न वाजवता उठून जाणारा प्रेक्षक मी इथेच पाहिला आहे, आणि तो नटाला फार लागतो.

पुण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतींवर बेतलेली विद्यार्थ्यांची नाटिका बंद पाडली गेली, आणि विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. सीतेचे काम करणारा नट सिगारेट ओढतो, यावर आक्षेप होता. आता नट आणि भूमिका यांतला फरक ज्याला समजून घ्यायचा नाही त्याच्यापुढे आपण हतबल असतो, हे खरे. पण पूर्ण प्रयोग शांतपणे पाहिलेल्या प्रेक्षकाला तो फरक सांगावाही लागत नाही. रामलीला करणाऱ्या नटांना विचारा, ते हसून दुजोरा देतील.

'इतर धर्मांबद्दल असे करून दाखवा' हे वाक्य आपल्या मंडळाच्या बैठकीत नक्की येईल. त्याला उत्तर असे की करून दाखवलेले आहे, आणि तिथेही हीच अडवणूक झाली. केरळात कोट्टायमला मेरी रॉय यांच्या शाळेत १९९० साली 'जिझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतनाट्य बसवले होते, ते जिल्हाधिकाऱ्यांनी थांबवले, आणि त्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयात उठायला २०१५ साल उजाडले. ज्या मुलांनी तालमी केल्या होत्या, ती तोवर चाळिशीला आली असतील. मात्र या वाक्यातला एक भाग मी गंभीरपणे घेते. घरातल्या माणसाने केलेली थट्टा आणि परक्याने केलेली थट्टा कानाला वेगळी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या देवाबद्दल लिहिताना मी अधिक वाचते, अधिक विचारते आणि त्या घरातल्या एखाद्याला तालमीला बसवते. माझ्यापुरता हा शिष्टाचार आहे. तो कुणी पोलिसांकरवी माझ्याकडून वसूल करावा, हे मला मान्य नाही.

माफीबद्दल विचारलेत. कशाबद्दल माफी मागतो आहोत हे एका वाक्यात लिहिता येत असेल, तर जरूर मागा. वीणेबद्दल मी त्या बाईंची माफी मागितली होती आणि ती मनापासून होती. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर पत्र देऊ नका. मी दिले, त्याचा उपयोग झाला नाही.

काही व्यावहारिक गोष्टी मात्र आजच करा. संहिता अंतिम करून तिच्या प्रत्येक पानावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची सही घ्या. नटांना पदरची वाक्ये घालायला या एका प्रयोगापुरती सक्त मनाई करा, कारण वाद बहुतेक वेळा हशाच्या भरात सुचलेल्या वाक्यावर होतो आणि ते संहितेत नसते. पूर्ण प्रयोगाचे सलग चित्रीकरण ठेवा, म्हणजे उद्या कुणी पंधरा सेकंदांचा तुकडा फिरवला तर बाकीचा सगळा प्रयोग दाखवता येईल. पोलीस ठाण्याला प्रयोगाची लेखी सूचना द्या आणि तिची पोच घ्या. चौघांपैकी जो तालमीला यायचे नाकारील, त्याच्या नकाराची नोंद ठेवा, पण त्याच्याशी वाद घालू नका. वसाहतीत उद्याही एकत्र राहायचे आहे.

आणि त्या अर्जातला एक मुद्दा मला पटला आहे. मूर्ती रंगमंचाच्या मागच्या बाजूला असेल, तर नटांची पाठ दीड तास तिच्याकडे राहणार आणि यमाचा रेडा तिच्यापुढून लाथा झाडत जाणार. आमच्याकडेही पूर्वी असेच होते. मग आम्ही रंगमंच मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तीच्या समोर हलवला, म्हणजे नट देवाकडे तोंड करून काम करतात आणि प्रेक्षक मधोमध बसतात. खुर्च्या उलट्या लावायच्या आणि विजेची वायर थोडी लांबवायची, एवढाच खर्च येतो. तेवढे करा, आणि चित्रगुप्ताच्या हिशेबाच्या चुकांचा प्रवेश आहे तसाच ठेवा.