सीडी आणि मेमरी कार्ड खराब होऊ नयेत म्हणून काय करावं?
जुन्या फोटोंच्या सीड्या आणि कॅमेऱ्याची कार्डं कशी जपायची असं विचारलंय तुम्ही. आधी सीडीचं सांगतो, सगळे चकचकीत बाजूच जपतात पण जास्त नाजूक असते ती वरची लेबलची बाजू, कारण सीडी १.२ मिलिमीटर जाड असली तरी डेटाचा थर अगदी लेबलखालीच असतो, वर फक्त लॅकरचा पातळ लेप, त्यामुळे बॉलपेनने दाबून नाव लिहिलंत की खालचा डेटा गेलाच समजा. मऊ टोकाचा मार्कर घ्या, मधल्या पारदर्शक रिंगवर लिहिलंत तर उत्तमच. पुसताना गोल गोल अजिबात नको, मधून कडेकडे सरळ पुसायचं, कारण ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिलेली रेघ, गोल फिरत जातो आणि आडवा बारीक ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, ट्रॅकच्या दिशेने गेलेला नाही. केसमध्ये उभी ठेवा, उन्हात नको.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, आणि कॉपी चालू असताना ओढून काढू नका प्लीज, माझं सहलीचं अख्खं फोल्डर असंच गेलंय. आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला कार्ड नाहीच, त्यात फोटो विजेच्या चार्जच्या रूपात साठवलेले असतात आणि तो चार्ज हळूहळू उतरतो, फोटो हार्ड डिस्कवर पण घेऊन ठेवाच.